जुन्या प्रवासी ट्रेलरमध्ये काय बदलावे?

प्रश्न : गाडीमागे जोडून नेण्याचा, १९६० च्या दशकातला एक छोटा प्रवासी ट्रेलर मी नुकताच घेतला आहे. आतल्या भिंतींचे मधाळ रंगाचे बर्च प्लायवुड जुनाट वाटते, म्हणून त्याला पांढरा रंग द्यावा आणि मागच्या बाजूला दगडी ओटा बसवावा, असा विचार आहे. मागच्या कोपऱ्यात तळाची फळी पायाखाली थोडी दबते. सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : सुरुवात त्या दबणाऱ्या कोपऱ्यापासूनच करावी. त्या काळातल्या अनेक ट्रेलरांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि वरचे आवरण ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे असते. कोपऱ्यांवरच्या पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी आणि छतावरची झडप यांच्याखालचे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, सुकून तडकले, की पाणी पत्र्याच्या आतून उतरून तळाशी मुरते. बाहेरून पत्रा लखलखीत असला तरी आतले लाकूड भुसभुशीत झालेले असू शकते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक टोचून पाहा. जिथे ते सहज रुतेल तिथपासून टणक लाकूड लागेपर्यंतचा भाग बदलावा लागेल. कोपऱ्यांवरच्या पट्ट्या उकलून, जुने सीलंट पूर्ण खरवडून नवी ब्यूटिल टेप (फटी बंद करणारी, रबरासारखी चिकट पट्टी) लावावी. वरवर सिलिकॉन थापण्याचा मोह कृपया टाळा, कारण त्यावर पुढे दुसरे काही नीट चिकटत नाही.

टायर, ब्रेक, बेअरिंग, वायरिंग आणि गॅसची नळी यांबाबत जुन्याची माया नको; ही तपासणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

दगडी ओटा मात्र करू नये. ट्रेलर गाडीला जिथे जोडतात त्या जोडावर येणारा भार भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा लागतो. मागे वजन वाढले, की तो घटतो आणि वेगात ट्रेलर डोलू लागतो.

आता भिंतींविषयी, आणि इथे मी आग्रहाने लिहितो आहे. प्लायवुडवरचा बर्चचा थर इतका पातळ असतो, की लाकडाच्या रेषांत शिरलेला रंग पुढे कधी घासून काढताना तो थरच निघून जातो. एखाद्या कपाटाच्या आत, नजरेआड, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवून पाहा. पृष्ठभाग चिकट झाला तर वरचे पॉलिश शेलॅकचे, म्हणजे लाखेचे, आहे. तसे असेल तर स्वच्छ पुसून त्यावर शेलॅकचा नवा हात देता येतो आणि तो जुन्या थरात मिसळून एकजीव होतो. पाण्याने काळे पडलेले तुकडे तेवढे बदला, पण नवे कापून बसेपर्यंत जुने फेकू नका, कारण वक्र भिंतीचे माप त्यांच्यावरूनच मिळते. पांढऱ्या रंगाचा विचार निदान पहिला प्रवास होईपर्यंत लांबणीवर टाकावा, अशी माझी विनंती आहे.