फ्रिज बंद, रिमोट मामांकडे आणि घरात दोघं बोलेनात

पत्र मोठं आलंय, थोडक्यात असं:

"मावशी, मी जुळे सोलापूरला राहते, वय ३७, घरीच युनिफॉर्मचं शिलाईकाम करते. दिवाळीत २७ हजाराचा नवीन फ्रिज घेतला तो तीन आठवड्यात थंडच करायचा बंद झाला. चार वेळा तक्रार केली, एकदाच एक जण आला, 'गॅस गेलाय, पार्ट मागवतो' म्हणून गेला, आणि दरवेळी काम न होता 'तुमची तक्रार बंद करण्यात आली' असा मेसेज येतो. दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा. इकडे मामा (माझे सासरे) आणि धाकटे भाऊजी विधानसभेच्या निकालापासून एकमेकांशी बोलत नाहीत, जूनमध्ये लोकसभेच्या निकालावरून मामांनी त्यांना चिडवलं होतं तर नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्टेटस ठेवून उट्टं काढलं, आता दोघांचे निरोप माझ्यामार्फत जातात. टीव्ही दिवसभर मामांकडे, नुसत्या चर्चा. पाच वर्षं बघितलेल्या माझ्या मालिकेचा शेवटसुद्धा बघायला मिळाला नाही. परवा कस्टमर केअरच्या पोरीवर एवढी ओरडले की गल्लीतल्या बायका दारात आल्या, आणि मग पोराला मारलं. मी अशी नव्हते मावशी. मला काय झालंय?"

बाई गं, आधी पोराचं बोलू. ते तू सगळ्यात शेवटी, अर्ध्या ओळीत लिहिलंस, म्हणजे तेच तुला सगळ्यात जास्त टोचतंय. आज रात्री झोपताना त्याला जवळ घे आणि सांग की परवा तुझी काहीच चूक नव्हती, माझं डोकं दुसऱ्याच कशानं तरी तापलं होतं आणि मी तुला मारलं हे चुकलं माझं. एवढंच. जास्त समजावत बसू नकोस, त्याला कळेल.

आता तुला काय झालंय ते. तुझा राग खरा आहे, फक्त ज्याच्यावर निघायला पाहिजे तो तुझ्या हाताला लागत नाही, कंपनी फोनच्या पलीकडं कुठंतरी बसलेली, मामांना बोलायची सोय नाही, भाऊजींना सांगायचं तर नातं नाजूक, मग जे हातापाशी आहेत त्यांच्यावर निघतो, पोरावर, आणि त्या फोनवरच्या पोरीवर, जी बिचारी पगारावर बसून समोरच्या स्क्रीनवर आहे तेवढंच वाचून दाखवते. तिच्या हातात तुझा फ्रिज नाही. म्हणून मला आधी फ्रिजचंच सांगायचंय, आणि जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तिथं तुझी बाजू पक्की आहे आणि तुला ते माहीतच नाहीये.

चार वेळा तक्रार बंद कशी झाली ते आठवून बघ. फोन येतो, "ताई एक ओटीपी आलाय बघा, सांगा, पार्टची ऑर्डर टाकायचीय," आपण भरवशानं सांगतो. बऱ्याच ठिकाणी तो ओटीपी म्हणजे काम झाल्याची तुझी सही असते गं. तो दिला की तिकडं तक्रार मिटली. इथून पुढं फ्रिज थंड झाला, फ्रीजरमधल्या ट्रेत बर्फ धरला हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. आणि जो कोणी येईल त्याच्याकडून कागद लिहून घे, कधी आला, काय बिघाड सापडला, कुठला पार्ट लागणार, खाली त्याची सही. तो म्हणाला गॅस गेलाय. नवीन फ्रिजचा गॅस तीन आठवड्यात जातो म्हणजे कुठंतरी गळती आहे, ती न शोधता नुसता गॅस भरला तर पुन्हा जाणार, तेव्हा भरून देतो म्हणाला तर आधी लीक कुठं होता ते दाखवा म्हणून विचार.

आता फोनवर बोलणं बंद आणि लिहिणं चालू. एका वहीच्या पानावर चारही तक्रारींचे नंबर, तारखा आणि "बंद केली" वाल्या मेसेजचे स्क्रीनशॉट कुठल्या तारखेचे ते लिहून काढ. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल आणि दुकानदाराला स्पीड पोस्टानं पत्र, साधं मराठीत, हे असं झालंय, पंधरा दिवसांत बदलून द्या नाहीतर पैसे परत करा, पुढं मी ग्राहक आयोगात जाईन. स्पीड पोस्टची पावती जपून ठेव. त्याच दिवशी १९१५ ला फोन कर, ती सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, ८८००००१९१५ वर व्हॉट्सॲपही करता येतं. ते तुझी तक्रार कंपनीकडं पाठवतात आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं, कारण मग तिथं बघणारा माणूस वेगळा असतो.

नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या सोलापुरातच आहे. आयोग म्हटलं की माणूस घाबरतो, वकील, पैसा, तारखा. तर ऐक. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तू जिथं राहतेस तिथंच तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असू दे. दिलेली किंमत ५ लाखापर्यंत असेल तर फी शून्य. वकील लागत नाही, स्वतः बोलता येतं. मुदत २ वर्षांची. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही तक्रारीत घेता येतं, म्हणजे "कंपनीला विचारा" म्हणून त्याला अंग काढून घेता येत नाही. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, शेजारच्या एखाद्या कॉलेजच्या पोराला घेऊन बस. आणि अजून एक, खराब निघालेला माल परत घ्यायला नकार देणं, बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, हीच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुझा फ्रिज तीन आठवड्यात बंद पडला आणि तू तेव्हाच कळवलंस, म्हणून त्या पहिल्या तक्रारीची तारीख सोन्यासारखी सांभाळ.

हे सगळं करायला दोन दुपारी जातील. पण बघ, वहीत तारखा लिहायला लागलीस की तिथंच तुझा निम्मा ताप उतरेल, मी माझ्या अनुभवानं सांगते, माझ्या मिक्सरच्या वेळेला मी असंच दोन महिने घरातल्यांवर खेकसत होते आणि पत्र पोस्टात टाकलं त्या रात्री पहिल्यांदा शांत झोपले, मिक्सर बदलून मिळायला अजून तीन आठवडे होते तरी.

आता मालिका. पत्रात "हे सांगायलाही लाज वाटते" असं लिहून तू ते खोडलंयस, खोडलेलं वाचता येतंय मला. लाज कसली त्यात? 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली, निकालानंतर बरोबर आठवड्यानं, जेव्हा तुमच्याकडं टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ कोण मुख्यमंत्री होणार हेच चाललेलं. पाच वर्षं म्हणजे काय गं, लॉकडाऊन त्यात आला, तुझा पोरगा अंगणवाडीतून शाळेत गेला. संध्याकाळची वेळ काढून मालिका दुपारी टाकली तेव्हा अर्ध्या बायकांनी सोडली, पण तू लिहितेस की मला उलट बरं झालं, मशीन हॉलमध्येच असते, आत्या (सासूबाई) शेंगा सोलत बसायच्या आणि मी कॉलर लावत ऐकायचे. मशीनचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून महत्त्वाच्या सीनला तू पाय थांबवायचीस. हे वाचून मला इथं बसून तुमचा हॉल दिसला. घर-घर करत आयुष्य घालवलेली अरुंधती पुढं स्वतःच्या पायावर उभी राहते, ते तुम्ही सासू-सुनांनी शेजारी बसून बघितलं, आणि त्याचा शेवट तुमच्याच हॉलमध्ये तुम्हाला बघू दिला नाही. याचं वाईट वाटणारच.

पण माझ्या लक्षात एक आलं, आत्यांनाही तो शेवट बघायला मिळालेला नाही. त्यांना विचारलंस का? मला नाही वाटत विचारलं असशील. रिमोटसाठी एकटीनं मामांशी भांडायला जाऊ नकोस. आत्यांना सांग की आत्या, शेवटचे भाग मोबाईलवर ॲपमध्ये आहेत, आपण दोघी बघू, आणि मोबाईल टीव्हीला जोडता येत असेल तर टीव्हीवरच लावू, दुपारी अडीच ते साडेतीन. मग मामांना आत्या सांगतील. एसटीत नोकरी केलेला माणूस वेळापत्रकाला मानतो, एक तास ठरवून मागितला तर देतील, "सारखं तुमचंच चालतं" म्हटलं तर नाही देणार. चर्चा काय, तीच माणसं रात्री नऊलाही बोलत असतात.

राहिले मामा आणि भाऊजी.

२०२४ च्या ४ जूनला रामवाडीच्या गोदामात मतमोजणी झाली, सोलापूर लोकसभेला काँग्रेसच्या प्रणिती शिंदे भाजपच्या राम सातपुतेंपेक्षा ७४ हजारांच्या वर मतांनी निवडून आल्या, राज्यात आघाडीला ४८ पैकी ३० जागा. सहा महिने पण झाले नाहीत आणि २३ नोव्हेंबरला शहरातल्या तिन्ही जागा भाजपला, त्यातली शहर मध्य तर अशी की जिथून त्याच प्रणितीताई २००९ पासून तीनदा आमदार होत्या, तिथं देवेंद्र कोठे आले, आणि राज्यात महायुती २८८ पैकी २३० च्या पुढं. गाव तेच, मतदार तेच, बोटावरची शाई तीच. लोकांनी एकदा एक विचार केला, एकदा दुसरा केला, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची पाळी कधी आहे तेच विचारलं. तुमच्या घरातल्या दोघांनी मात्र ते स्वतःच्या हारजितीवर घेतलं. मामांनी जूनमध्ये चिडवलं ते चुकलं, भाऊजींनी बापावर स्टेटस ठेवलं तेही चुकलं, आणि दुसरं मला जास्त लागलं, कारण स्टेटस सगळ्या पाहुण्यारावळ्यांत जातं.

आमच्याकडं १९९५ ला हे झालेलं आहे. माझे वडील आणि काका. तेव्हा कागदी मतपत्रिका, मोजणी रात्री उशिरापर्यंत चालायची, ओट्यावर रेडिओ लावून दोघं शेजारी बसले आणि उठले ते वेगवेगळ्या दारानं. वर्ष-दीड वर्ष बोलले नाहीत. पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला आम्ही पोरं दरवर्षीसारखी सगळी मिळून न जाता दोन टोळ्यांनी गेलो, होम मैदानावर मी पाळण्यात वर होते आणि माझी चुलत बहीण खाली भज्यांच्या गाडीपाशी उभी, तिनं मला बघितलं, मी तिला बघितलं, आणि दोघींनीही हात केला नाही. आम्हाला कोणी मना केलं नव्हतं. मोठी माणसं बोलत नाहीत तर आपणही बोलायचं नसतं असं आमचं आम्हीच धरलं. कोण निवडून आलं होतं ते मला आज आठवून सांगावं लागेल, तिचा तो चेहरा आठवावा लागत नाही.

म्हणून तुला एकच काम सांगते, निरोप न्यायचे बंद कर. मामा म्हणाले "त्याला सांग गाडीची चावी ठेव म्हणावं" तर शांतपणे म्हण, "मामा, भाऊजी आतच आहेत की, तुम्हीच सांगा ना." भाऊजींनाही तसंच. दोन-चार दिवस अवघड जाईल, चावी टेबलावर पडून राहील, राहू दे. तू मध्ये आहेस म्हणून त्यांचं न बोलणं आरामात चाललंय. कोण बरोबर, कोण चूक यात मात्र पडू नकोस, तुला कुणी मत विचारलं तरी.

आणि एक विचारू? एवढ्या मोठ्या पत्रात नवऱ्याचं नाव एकदाही नाही. बाप त्याचा, भाऊ त्याचा, फ्रिज दोघांच्या पैशाचा. तो कुठंय? कदाचित दमून येत असेल, कदाचित तूच म्हणत असशील की त्याला कशाला ताप. पण हे तिन्ही तू एकटीनं उचललंयस आणि वर रोजचे युनिफॉर्म आहेतच. त्याला बसवून सांग, रडून नको, भांडून नको, वही दाखवून. भाऊजींना स्टेटसबद्दल बोलणं हे त्याचं काम. "तू बापावर असं लिहायला नको होतं" हे मोठ्या भावानं सांगितलेलं वेगळं आणि वहिनीनं सांगितलेलं वेगळं.

सिद्धेश्वरांची यात्रा जवळ आलीय. भोगीला तैलाभिषेक, संक्रांतीला अक्षता. तू लिहिलंयस मामा दरवर्षी बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख) घालून नंदीध्वजामागं जातात आणि भाऊजी लहानपणापासून त्यांच्यासोबत असतात. यंदा दोघांच्याही बाराबंद्या तूच धुवून इस्त्री करून एकाच हँगरला लाव आणि काही बोलू नकोस. गेले सोबत तर गेले. नाही गेले तरी पोराला आणि त्याच्या चुलत भावंडांना घेऊन तू गड्ड्याला जा, सगळी पोरं एकत्र, यात मोठ्यांची परवानगी विचारू नकोस.

आणि फ्रिजच्या बिलाचा फोटो आज रात्रीच काढून ठेव, दुकानातलं ते गुळगुळीत कागदाचं बिल असेल तर त्याची शाई उडते, उन्हाळ्यापर्यंत कोरा कागद हातात राहील. फोटो नवऱ्याच्या मोबाईलवर पण पाठव. १९१५ ला तक्रार नोंदवलीस की मला कळव.

तुझी,
मावशी