ब्रिटन आणि युरोप: एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या संबंधांची कथा तू संघात राहावे की बाहेर पडावे याविषयीच्या २३ जून २०१६ च्या सार्वमतापासून सुरू केली आहेस आणि त्यापूर्वीचे सारे ‘इंग्रजांचा ताठा’ म्हणून दोन शब्दांत मिटवले आहेस. ताठा होताच, पण स्वभावावर बोट ठेवले की हिशेब तपासायचे राहून जातात, आणि या प्रकरणात हिशेबच अधिक बोलके आहेत.

आरंभ १९५० पासून कर. फ्रान्सने कोळसा व पोलाद यांचा कारभार सामायिक करण्याची योजना मांडली, तेव्हा ब्रिटनमधील कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. हाती आलेल्या खाणी पुन्हा परक्या मंडळाच्या हवाली करणे तेथील मजूर सरकारला मानवणारे नव्हते. १९५५ मध्ये मेसिना येथील बैठकीनंतर ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांना लंडनने मंत्री न धाडता व्यापार खात्यातला एक अधिकारी धाडला आणि काही महिन्यांतच त्यालाही माघारी बोलावले. परिणामी १९५७ चा रोमचा करार, म्हणजे आजच्या संघाचा पूर्वज असलेल्या युरोपीय समुदायाचा पाया, सहा देशांनी आपापल्या सोयीने घातला. पुढे ब्रिटनने प्रवेशासाठी अर्ज केला, तो फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये अडवला. १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश मिळाला तोवर नियमांची घडी बसून गेली होती.

त्या नियमांतील शेतीविषयक धोरण नीट समजून घे, कारण पुढच्या कुरबुरींचे मूळ तेथे आहे. समुदायाच्या खर्चाचा फार मोठा हिस्सा शेतमालाचे भाव टिकवण्यात जात असे. ब्रिटनमध्ये शेतकरी थोडे, आणि लोणी न्यूझीलंडहून, साखर कॅरिबियन बेटांतून आणण्याची जुनी रीत. बाहेरून आलेल्या अशा मालावरची जकात मात्र बहुतांशी समुदायाच्या तिजोरीत जाई. म्हणजे भरणा जास्त आणि परतावा कमी. (राष्ट्रकुलातील सवलतींमुळे आपल्याकडचा चहा आणि सुती कापडही तेथे विकले जात असे, म्हणून १९६१ च्या पहिल्या अर्जाने दिल्लीलाही काळजीत टाकले होते.) पंतप्रधान थॅचर यांनी १९८४ मध्ये फ्रान्समधील फाँतेनब्लो येथे वर्गणीत सूट मिळवली, तिला तू हट्ट म्हटले आहेस. मला ती मागणी रास्त वाटते. ती मांडण्याची त्यांची भाषा रास्त होती, असे मात्र मी म्हणणार नाही.

दुसरी दुरुस्ती पक्षांविषयी. युरोपविरोध हा हुजूर (कन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचा जन्मजात गुण असल्यासारखे तू लिहिले आहेस. प्रत्यक्षात प्रवेश घडवला तो त्याच पक्षाचे पंतप्रधान हीथ यांनी. १९७५ च्या सार्वमतात त्याच पक्षाच्या थॅचर समुदायात राहण्याच्या बाजूने होत्या, तर पंतप्रधान विल्सन यांच्या मजूर पक्षातच दोन तट पडले होते. १९८३ च्या जाहीरनाम्यात तर मजूर पक्षाने बाहेर पडण्याचे आश्वासन दिले होते. पक्षांनी बाजू बदलल्याचा क्षण नेमका दाखवता येणे इतिहासात क्वचितच जमते, पण येथे ते बरेचसे जमते. सप्टेंबर १९८८ मध्ये समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जाक दलोर यांनी बोर्नमथ येथे ब्रिटिश कामगार संघटनांपुढे युरोपच्या सामाजिक बाजूचे चित्र उभे केले, आणि बाराच दिवसांनी थॅचर यांनी बेल्जियममधील ब्रूज येथे ब्रसेल्सच्या, म्हणजे आयोगाच्या, वाढत्या सत्तेवर टीका केली. या दोन भाषणांना तुझ्या आराखड्यात एक ओळही नाही; त्यांना काही पाने दे. युरोपीय चलनांचे परस्पर दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या विनिमय-यंत्रणेतून १९९२ मध्ये घ्यावी लागलेली माघार आणि २००४ नंतर पूर्व युरोपातून आलेले कामगार हे विषय तू चांगले हाताळले आहेस, ते तसेच राहू दे.

एक काम आता देतो. १९७५ मध्ये ६७ टक्के मतदारांनी राहण्याचा कौल दिला आणि २०१६ मध्ये ५१.९ टक्क्यांनी निघण्याचा. या आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्ही मतपत्रिका शेजारी ठेवून वाच. पहिलीत ‘युरोपीय समुदाय’ या नावापुढे कंसात ‘सामायिक बाजारपेठ’ असे छापलेले होते. दुसरीत तो कंस नाही. पुढच्या खर्ड्याची सुरुवात त्या कंसापासून करून पाहा, आणि दिवाळीपूर्वी पाठव.

तुझा,
जुना शिक्षक