फळा दिसतो का, ते आधी बघा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की पालकांची पत्रं वाढतात. नावं वेगळी, प्रश्न तेच. २६ वर्षं पहिली ते तिसरीचे वर्ग घेतल्यामुळे अर्ध्या पत्रातच पुढचं कळतं. तरी मी शेवटपर्यंत वाचते, कारण खरी गोष्ट पुष्कळदा ताजा कलमात असते.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. रोज फाटकाशी रडतो. शांत होईपर्यंत थांबावं का?

उत्तर : नाही. ‘घ्यायला मी येणार’ एवढं सांगा, हात हलवा आणि खरोखर निघा. फाटकाआडून डोकावू नका. मुलांना ते दिसतं. बहुतेक मुलं पालक नजरेआड झाल्यावर थोड्याच वेळात रमतात. चार आठवड्यांनंतरही तसंच असेल किंवा सकाळी पोट दुखायला लागत असेल, तर वर्गशिक्षिकेला समक्ष भेटा.

प्रश्न : दहा मिनिटं उशीर झाला तर एवढं काय बिघडतं?

उत्तर : आज काय करायचं, कुठली वही काढायची, हे त्याच दहा मिनिटांत सांगून झालेलं असतं. उशिरा आलेलं मूल मग दिवसभर शेजाऱ्याच्या वहीत बघत बसतं.

प्रश्न : दुसरीतली मुलगी गृहपाठाला दोन तास लावते. शेवटी मीच पूर्ण करते. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. इयत्तेला दहा मिनिटांनी गुणा, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दुसरीला २० मिनिटं. अर्धा तास झाला की वही मिटा. जिथवर झालं तिथे ‘अर्ध्या तासात एवढं’ असं लिहून सही करा. अपुऱ्या वहीवरून शिक्षिकेला बरंच कळतं, तुम्ही भरलेल्या वहीवरून काहीच नाही. आणि आईचं अक्षर आम्हाला ओळखू येतं, बरं का. तसा डौलदार ‘ळ’ सात वर्षांच्या हातातून उतरत नाही. दोन तास रोजच लागत असतील तर कारण शोधायला हवं. शिक्षिकेची वेळ घ्या.

प्रश्न : साडेसहा वर्षांचा मुलगा ३ च्या जागी ६ काढतो, अक्षरंही उलटी. ओळखीतले एक जण म्हणाले, डिसलेक्सिया आहे.

उत्तर : ओळखीतल्यांनी हे निदान कशावरून केलं? ३ आणि ६ ही जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं. कात्री डावीकडे वळवली काय, उजवीकडे काय, कात्रीच राहते. अक्षराची दिशा फिरली की अक्षर बदलतं, हे मुलांना नव्याने शिकावं लागतं. सातव्या वर्षापर्यंत असा उलटसुलट कारभार सर्रास दिसतो. डिसलेक्सियात मुख्य अडचण अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालण्याची असते. ती दिसत असेल, किंवा आठ वर्षं होऊनही अक्षरं उलटीच येत असतील, तर तज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्या.

प्रश्न : तिसरीतली मुलगी फळ्यावरचं निम्मंच उतरवते. घरी पुस्तकात बघून सगळं नीट लिहिते. बाई म्हणतात, लक्ष नसतं. रागावून झालं, बक्षिसं लावून झाली. डोळे तपासावेत का? पण एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जातो म्हणे. ता. क. टीव्ही अगदी जवळून बघते, पण ती तिची सवयच आहे.

उत्तर : उत्तर ताजा कलमात लिहून प्रश्न मला विचारताय! जवळचं पुस्तक नीट, लांबचा फळा अर्धवट, टीव्ही नाकाशी. लांबचं कमी दिसत असल्याची शंका यायला आणखी काय हवं? खात्री डॉक्टर करतील. पण बक्षिसांत किती महिने घालवलेत?

‘मला दिसत नाही’ असं मुलं म्हणत नाहीत. सगळ्यांना असंच धूसर दिसतं, अशी त्यांची समजूत असते. मग ती आपापली युक्ती काढतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता. मी फळ्यावर ओळ लिहिली की हा पेन्सिलीला टोक काढायला फळ्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यापाशी हजर. तिथून दोन शब्द तोंडात घोळवत जागेवर जायचा, लिहायचा, परत यायचा. चुळबुळ्या म्हणून मी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं, म्हणजे फळ्यापासून आणखी लांब. नवी कोरी पेन्सिल आठवड्यात बोटभर उरली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तेव्हापासून ‘लक्ष नसतं’ हे शब्द ऐकले की मी आधी डोळ्यांचं विचारते.

घरी भिंतीवरचं घड्याळ वाचायला लावून ‘दिसतं की’ म्हणू नका. एक डोळा अधू असला तरी दुसरा वेळ निभावून नेतो. ‘आळशी डोळा’ म्हणतात तो एकेक डोळा झाकून तपासल्याशिवाय कळत नाही. त्यावरचा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो, पुढे अवघड होत जातो. तुमची मुलगी तिसरीत आहे. ‘सुट्टीत बघू’ नको.

चष्म्याने नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळा लांबतो, त्याने वाढतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन ही वाढ रोखता येते का, हे मलेशियात तपासलं गेलं. २००२ साली निष्कर्ष आले ते उलटेच. कमी नंबरचा चष्मा लावलेल्या मुलांचा नंबर जास्त वाढला होता. तेव्हा चष्मा घालवण्याचे व्यायाम विकणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा. घराबाहेर उजेडात रोज तास-दोन तास खेळण्याने लांबचं न दिसण्याचा धोका कमी होतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तपासणी नेत्रतज्ज्ञाकडेच करा, दुकानातल्या यंत्रावर नको. लहान मुलांचा नंबर थेंब घालून काढावा लागतो, नाहीतर चुकू शकतो. तोवर तिला पुढच्या बाकावर बसवायची विनंती करा. जमल्यास कानही दाखवून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की कित्येक आठवडे कमी ऐकू येतं, आणि वर्गात त्याचं नाव पडतं ‘सांगितलेलं ऐकत नाही’.

प्रश्न : डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गाला घालू का? एकाग्रता वाढते म्हणतात.

उत्तर : नाकाशेजारच्या फटीतून वाचतात. पैसे जपून ठेवा.

प्रश्न : मुलगा डावखुरा आहे. उजव्या हाताची सवय लावावी का?

उत्तर : मुळीच नाही. बाकाच्या डाव्या टोकाला बसवायला सांगा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होणार नाही.

प्रश्न : मुलगी शाळेत दिवसभर लघवीला जात नाही, घरी आली की पळत सुटते. बाईंना सांगणं बरं दिसेल का?

उत्तर : उद्याच सांगा. कडी लागत नसेल, वास येत असेल, सगळ्यांसमोर हात वर करून विचारायची लाज वाटत असेल. कारण तिला विचारा, पण रागावून नको. विचारायच्या ऐवजी हाताची एखादी खूण ठरवून द्यायला बाईंची हरकत नसते. रोज रोखून धरल्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. जळजळ, कपडे ओले होणं किंवा पोट साफ न होणं यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळेत जाताना पाणीच कमी द्यायचं, असा उपाय मला एकीने कळवला होता. तो करू नका.