दावा ‘रिमांड’ झाला म्हणजे कोठडीत गेला का?

विचारणा अशी: ‘जिल्हा न्यायालयाने जमिनीचा दावा रिमांड केला’ या बातमीत शब्द चुकलाय का? ‘पुनर्विचारासाठी पाठवला’ लिहावं का?

शब्द बरोबर आहे. ‘पुनर्विचार’ मात्र कृपा करून नको. त्याने पुनर्विलोकनाचा भास होतो: ज्या कोर्टाने निकाल दिला त्यानेच तो पुन्हा पाहायचा, ते पुनर्विलोकन. इथे वरच्या कोर्टाने अपिलात खालचा हुकूमनामा (दाव्याचा निकाल ठरवणारा आदेश) रद्द करून दावा खालच्या कोर्टाकडे परत सोपवलेला असतो.

आरोपीला परत कोठडीत धाडतात म्हणून तिथेही रिमांडच. तेवढाच अर्थ लोकांच्या कानात बसलाय. मूळ लॅटिन ‘रेमांदारे’. ‘रे’ म्हणजे परत, ‘मांदारे’ म्हणजे सोपवणे. या मांदारेची फोड बहुतेक व्युत्पत्तिकार ‘मानुस’ (हात) आणि ‘दारे’ (देणे) अशी करतात. आणि हा ‘दारे’ आपल्या दान-दाता मधल्या ‘दा’ धातूचा सख्खा भाऊ! डिमांड, कमांड, रिटमधला मँडेमस (अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणारा कोर्टाचा आदेश), सगळे याच घरातले. म्हणजे रिमांडच्या शेपटाला लागलेला ‘ड’ हा दानातला ‘द’च. आपण ‘हाती देणे’, ‘हवाली करणे’ म्हणतो, तेच हे. म्हणूनच ‘प्रतिप्रेषण’ हा पंडिती पर्याय मला अजिबात पटत नाही. त्यात नुसतं धाडणं आहे, हात कुठे आहे? पत्ता चुकलेलं टपाल परत आल्यासारखा वाटतो तो शब्द.

‘दावा नव्याने चालणार’ हे तर रोज वाचायला मिळतं, तेही बरोबर नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, आदेश ४१, नियम २३ वाचा: दावा त्याच्या जुन्याच नंबरावर पुन्हा नोंदवायचा, आणि आधी नोंदवलेला पुरावा, रास्त अपवाद सोडून, पुरावा म्हणून कायम. हद्दीच्या वादात कोर्ट कमिशनरकडून (कोर्टाने त्या कामासाठी नेमलेल्या माणसाकडून) मोजणी झाली नाही म्हणून प्रकरण परत आलं, तर वादीची आधीची साक्ष कोणी केराच्या टोपलीत टाकत नाही. नियम २५ मध्ये तर अपील वरच राहतं, फक्त राहिलेले मुद्दे खाली जातात आणि निष्कर्ष वर येतात. त्याला दावा रिमांड झाला म्हणणारे वकीलही भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही.

बातमीत काय लिहायचं? ‘फेरचौकशीसाठी खालच्या कोर्टाकडे परत सोपवला.’ ‘सोपवला’ गाळू नका.