पहिल्यांदा घराचा ताबा घ्यायला जाशील तेव्हा

अगं, कोर्ट कमिशनर म्हणून, म्हणजे कर्ज थकलेल्या घराचा कोर्टाच्या वतीने ताबा घेऊन तो बँकेला द्यायची, पहिली ऑर्डर मिळाली, मनापासून अभिनंदन! दार उघडलंच नाही तर काय करायचं असं विचारलंस, त्याचं उत्तर ऑर्डरमध्येच असतं, कुलूप तोडायची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त दोन्ही लिहिलेलं आहे का ते आज रात्रीच बघून ठेव.

सरफेसी म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीचा कायदा, त्याच्या कलम १४ खाली मॅजिस्ट्रेट वाद ऐकत नाही, बँकेच्या अॅफिडेव्हिटमधले नऊ मुद्दे बघून ताब्याला मदत देतो एवढंच, आणि वकिलाला कमिशनर नेमता येतं हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये एनकेजीएसबी बँकेच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे कर्ज खरं किती, व्याज जास्त लावलं का, हे तू ठरवायचं नाहीस. तू ठरवायचंस ते हे की ऑर्डरमधला फ्लॅट तोच हा आहे ना. विंग, मजला, चतुःसीमा सगळं जुळव. दारावर २०३ आणि ऑर्डरमध्ये ३०२ असेल तर बँकेचा माणूस कितीही म्हणू दे "मॅडम टायपिंग मिस्टेक आहे", कुलपाला हात लावायचा नाही, सरळ कोर्टाला रिपोर्ट.

आत भाडेकरू निघाला तर त्याचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट माग, तारीख गहाणाच्या आधीची असेल तर त्याला बाहेर काढू नकोस, कोर्टाला कळव. स्टेची ऑर्डर दाखवली तर ऑनलाइन तपास, खरी असेल तर जागच्या जागी थांब.

आता घरातल्या माणसांबद्दल, कारण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांना बहुतेक वेळा नेमकं काय झालं हेच कळलेलं नसतं. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक कर्ज, मग ६० दिवसांची नोटीस, त्यावर लेखी हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि लोक काय करतात तर नोटीस कपाटात ठेवून एखादा हप्ता भरून टाकतात, त्यांना वाटतं मिटलं, पण सगळी थकबाकी भरल्याशिवाय एनपीएचा शिक्का निघत नाही. मग दारावर ताब्याची नोटीस चिकटते, दोन पेपरात छापून येते, तेव्हा कुठे धावपळ, तीही चुकीच्या ठिकाणी म्हणजे दिवाणी कोर्टात, जिथे याच कायद्याच्या कलम ३४ मुळे असा दावा चालतच नाही. जायचं असतं डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, कारवाईपासून ४५ दिवसांत, आणि ते पुण्यातही आहे. हे दोन वाक्यात सांगितलंस तर तू कुणाची बाजू घेतली असं होत नाही. हेही सांग की लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी पूर्ण बाकी खर्चासकट भरली तर घर सोडवता येतं. आधी थेट विक्रीपर्यंत वेळ मिळायचा, २०१६ च्या दुरुस्तीने तो आखडला, मला तर ती दुरुस्ती कर्जदारावर अन्यायच वाटते. आणि लिलावात बाकीपेक्षा जास्त पैसे आले तर उरलेले कर्जदाराचेच असतात.

त्या दिवशी बँकेच्या गाडीतून जाऊ नकोस, स्वतःची स्वतः जा, घरच्यांनी तुला बँकेच्या माणसांबरोबर उतरताना बघितलं की तुझ्या शब्दावर त्यांचा विश्वास राहत नाही. महिला पोलीस मागून घे. बारावीची परीक्षा चालू असेल, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आधीच माहिती काढ आणि कोर्टाकडून तारीख पुढे घे, त्यात कमीपणा काही नाही. औषधं, शाळेची दप्तरं, आधार-रेशनकार्ड, देव्हाऱ्यातले देव हे त्यांना आधी काढू दे, घाई करू नकोस. फ्रिज रिकामा करायला लाव, गॅस बंद, मेन स्विच बंद, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. मागे राहिलेल्या सामानाची यादी खोलीवार कर, "इतर किरकोळ वस्तू" असलं लिहायचं नाही, कपाट बंद असेल तर बंद असंच लिही. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या, घरच्यांनी सही नाकारली तर तशी नोंद, मग सील, आणि चावी बँकेच्या ऑथोराइज्ड ऑफिसरला लेखी पोच घेऊनच दे.

रिपोर्टचा ड्राफ्ट त्याच रात्री लिही आणि मला पाठव, कोर्टात द्यायच्या आधी मी एकदा वाचतो.