आधाररेषा, पायारेषा आणि आपली ‘गत’

प्रश्न असा आहे: ‘अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिसमध्ये एकाच व्यक्तीवर प्रयोग करताना सुरुवातीला जी बेसलाइन असते, तिला मराठीत आधाररेषा म्हणावं की पायारेषा? आणि ती काढतात की घेतात?’

अप्लाइड बिहेविअर ॲनालिसिस, थोडक्यात एबीए, म्हणजे वर्तन मोजून ते बदलण्याचे उपाय पारखणारं शास्त्र, आणि बेसलाइन म्हणजे उपाय सुरू करण्याआधीच्या नोंदींचा टप्पा. छापायला आधाररेषा ठीक आहे. पायारेषा म्हटलं की डोळ्यांसमोर बांधकामाच्या जागेवर मारलेली फक्की येते. टेनिसच्या मैदानावरची बेसलाइन आणि मोजणीदारांची बेसलाइन सर्वांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

खरा वैताग वेगळाच आहे. ‘पहिल्या दिवशी बेसलाइन काढली, अकरा आली’ हे वाक्य हल्ली सारखं कानावर पडतं. अकरा ही बेसलाइन नव्हे, ती एका दिवसाची नोंद. शाळेच्या तीस मिनिटांच्या तासात मूल किती वेळा जागेवरून उठतं हे मोजायचं असेल, तर नऊ, अकरा, दहा, दहा, नऊ अशी ओळ लागल्यावर कुठे बेसलाइन म्हणता येतं. त्या ओळीत तीन गोष्टी पाहतात: पातळी किती, कल कुणीकडे, आणि चढउतार केवढा. एका आकड्याला पातळी असेल, पण कल आणि चढउतार कुठून असणार? हे पूर्वचाचणीचं, म्हणजे सुरुवातीला एकदाच घेतलेल्या चाचणीचं, डोकं बेसलाइनच्या धडावर बसवणं झालं. गटांची तुलना करणाऱ्या संशोधनात पूर्वचाचणी शोभते. इथे दुसरा गटच नसतो. तीच व्यक्ती स्वतःच्या तुलनेसाठी उभी असते, म्हणून ‘काहीच केलं नसतं तर हे असंच चालू राहिलं असतं’ हे भाकीत बेसलाइनलाच करावं लागतं.

आता शब्दाकडे येतो, कारण यात जी गंमत आहे ती आधाररेषेत पार पुसली जाते.

‘बेस’ इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीकमधून. ग्रीक शब्द ‘बासिस’. त्याचा जुना अर्थ पाऊल टाकणं, चालणं. मग जिच्यावर पाऊल पडतं ती जागा, मग चौथरा, मग पाया. क्रियापद ‘बाइनो’, म्हणजे मी जातो. आणि हे ‘बाइनो’ म्हणजे आपल्या ‘गम्’ धातूचं सख्खं भावंड! ओढूनताणून आणलेलं नातं नाही हे. संस्कृतात जिथे ‘ग’ तिथे ग्रीकमध्ये ‘ब’ आणि इंग्रजीत ‘क’ अशी नेमाने सापडणारी साखळी आहे. संस्कृत गो, ग्रीक बूस, इंग्रजी काउ. तसंच गम्, बाइनो, कम. त्यातही ‘बासिस’ आणि ‘गति’ यांची घडण एकाच साच्यातली आहे, तोच धातू आणि तोच प्रत्यय. म्हणजे बेसलाइनचा अक्षरशः अर्थ लावायचा तर गतिरेषा!

आणि ज्याला आपण ठाम, अचल, आधार वगैरे समजतो त्या शब्दाच्या पोटातच चालणं आहे. बेसलाइन खरंच चालते. मुलाचं जागेवरून उठणं आपोआपच दिवसागणिक कमी होत असेल, तर जाणकार उपाय सुरूच करत नाही, थांबतो. आधीच उताराला लागलेल्या गोष्टीचं श्रेय उपायाला कसं देणार? उलट त्रास वाढत चालला असेल तर सुरू करायला हरकत नाही. आणि मूल स्वतःला इजा करून घेत असेल, तर नोंदींची ओळ सुबक होण्याची वाट बघत बसणं हा अपराध आहे.

मराठीने तर याहून सरस काम करून ठेवलं आहे. ग्रीकांनी चालण्यावरून चौथरा केला, आपण गतीवरून ‘गत’ केली, म्हणजे स्थिती, दशा. ‘काय गत झाली त्याची!’ ‘पुन्हा तीच गत.’ चालत आलेली आणि आपण हात लावला नाही तर अशीच चालणारी अवस्था. बेसलाइनची याहून नेमकी व्याख्या मला करून दाखवा. म्हणून माझा शब्द ‘मूळगत’. मग मल्टिपल बेसलाइनला, म्हणजे एकदम अनेक बेसलाइन चालवण्याच्या रचनेला, बहुमूळगत म्हणावं लागेल आणि ते कानाला टोचेल, असं कुणी म्हणेल. टोचू दे. बहुआधाररेषा कुठे फार गोड आहे?

शिवाय ‘रेषा’ हा शब्दच फसवा आहे. या पद्धतीचा आलेख पाहा. त्यावर ठिपके असतात, ते जोडणारी वाट असते, आणि एक टप्पा संपून दुसरा सुरू होतो तिथे एक उभी रेघ असते. आधाररेषा नावाची रेषा कुठेच नसते. बेसलाइन हा टप्पा आहे. त्याला ए म्हणतात आणि उपायाच्या टप्प्याला बी. ए-बी-ए म्हणजे उपाय देऊन काढून घेणं. (या रचनेचं नाव आणि अख्ख्या शास्त्राचं लघुरूप एकच निघाल्याने नवशिक्यांचा जो घोळ होतो, त्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.)

बीबद्दल तर आणखी मजा. ‘इंटरव्हेन्शन’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘मध्ये येणं’. त्यातलं ‘वेनिरे’ पुन्हा तेच, गम्! ए आणि बी, दोन्ही टप्प्यांच्या नावांत एकच धातू दडला आहे: एक चाललेलं, दुसरं मध्ये आलेलं. आणि याचं भाषांतर करणाऱ्यांनी काय केलं? ‘हस्तक्षेप’! मराठीत हस्तक्षेप म्हणजे नको तिथे नाक खुपसणं. पालकांना ‘आम्ही तुमच्या मुलाच्या वर्तनात हस्तक्षेप करणार आहोत’ असं लिहून देणाऱ्याला मराठी येत नाही असंच मी समजतो. साधं ‘उपाय’ म्हणा. ‘पारिभाषिक शब्दाला बोलीतला वास नसतो’ हा बचाव मी ऐकला आहे. वाचणाऱ्याला वास येतोच.

असाच ताठा आकड्यांच्या बाबतीत. शिक्षणातल्या उपायांचे पुरावे तपासणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसने २०१० साली निकष मांडले: पूर्ण मान्यतेसाठी टप्प्यात किमान पाच नोंदी, तीन असतील तर मान्यता, पण राखून. पुरावा तपासणाऱ्याला असा उंबरठा लागतो, हे खरं. पण ‘पाच झाल्या, बेसलाइन झाली’ म्हणणाऱ्यांनी ‘किमान’ हा शब्द वाचलेला नसतो. वर्तनशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी १९६० मध्येच स्थिर अवस्थेवर भर दिला होता, मोजून ठरवलेल्या दिवसांवर नाही. पाच नोंदी चार, सतरा, सहा, वीस, नऊ अशा असल्या तर त्यावरून सहाव्या दिवसाचं भाकीत करून दाखवा. १९६८ साली बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी या शास्त्राची लक्षणं सांगितली, तेव्हा एक रचना उपाय काढून घेण्याची मांडली आणि दुसरी मल्टिपल बेसलाइनची. वाचायला शिकलेल्या मुलाला शिकवणं थांबवून पुन्हा निरक्षर करता येत नाही. म्हणून तीन मुलांच्या, किंवा एकाच मुलाच्या तीन वर्तनांच्या बेसलाइन एकदम सुरू करतात आणि उपाय एकेकाला वेगवेगळ्या वेळी देतात. उपाय पोचला तिथली गत बदलली आणि बाकीच्यांची तशीच राहिली, की खात्री पटते. एका नोंदीच्या बेसलाइनने यातलं काय साधणार?

बेसलाइन म्हणजे ‘काहीच न करणं’ हाही गैरसमज आहे. शिकवणं रोजच्यासारखं चालू असू शकतं, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची तो उपाय नसतो.

क्रियापद राहिलं. काढतात ती सरासरी. नोंदी घेतात, म्हणून बेसलाइन घेतात. पण मुलांबरोबर रोज काम करणाऱ्यांच्या तोंडी तिसराच प्रयोग आहे, ‘अजून बेसलाइन चालू आहे’, आणि मी तोच वापरतो.