सोफीचं वय बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हायाओ मियाझाकींच्या ‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’ या जपानी ॲनिमेशनपटावरचा तुझा मसुदा वाचला. हात चांगला आहे, पण सगळा लेख ज्या वाक्यावर उभा केलास तेच कच्चं आहे: जादूगार हाऊल देखणा, त्याचा चालता किल्ला अद्भुत, संगीत गोड, म्हणून ही प्रेमकथा भावते. देखणे नायक आणि गोड संगीत ढिगाने मिळतात. 2004चा हा सिनेमा लोक अजून पुन्हा पुन्हा का लावतात, ते त्यातून कळत नाही. नायिका सोफीच्या वयाबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, की चेटकिणीच्या शापाने अठराची मुलगी नव्वदीची म्हातारी होते. आणि शेवटी ‘प्रेमाने शाप सुटतो’ असं लिहून मोकळा झालास. या दोन वाक्यांच्या मध्ये जे आहे तोच तुझा लेख.

सिनेमा 119 मिनिटांचा आहे. तो जपानी आवाजात, सबटायटल लावून बघ. हा हट्ट उगाच नाही. मूळ जपानीत तरुण सोफी आणि म्हातारी सोफी, दोघींना एकाच अभिनेत्रीचा आवाज आहे, चिएको बाइशो यांचा. इंग्रजी डबिंगमध्ये दोन वेगळ्या अभिनेत्री घेतल्या. त्यामुळे वय बदललं की आवाजाचा सांधा उघडा पडतो, आणि मधल्या अर्ध्यामुर्ध्या छटा निसटतात. जपानीत एखाद्या वाक्याच्या मध्यावरच आवाज हलका होतो, तो ऐकायला हवा.

जवळ एक कागद ठेव आणि त्यावर तीन रकाने आख. पहिल्यात वेळ. दुसऱ्यात सोफी किती वयाची दिसते: पाठ, सुरकुत्या, चाल, आवाज. तिसऱ्यात बदलाच्या लगेच आधी कोण काय बोललं. सगळे घोळ तिसऱ्या रकान्यातच होतात. माणसं ‘इथे ती तरुण झाली’ एवढंच टिपतात, कशामुळे ते टिपत नाहीत, आणि मग प्रेमाच्या नावावर सगळं खपवतात.

राजवाड्याचा प्रसंग घे. सोफी हाऊलची आई असल्याचं सोंग घेऊन राजाची जादूगारीण सुलिमान हिच्यासमोर बसलेली आहे. सुलिमान हाऊलबद्दल वाईट बोलते आणि सोफीला राहवत नाही. ती त्याची बाजू घेऊन ताडताड बोलू लागते, आणि बोलता बोलता चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जातात, पाठ सरळ होते. तिला स्वतःला याचा पत्ताही नसतो. सुलिमान फक्त एवढंच म्हणते की तुमचं हाऊलवर प्रेम आहे तर. त्याच क्षणी सोफी पुन्हा म्हातारी.

मग फुलांच्या कुरणाचा प्रसंग. हाऊल तिला आपल्या लहानपणीची जागा दाखवतो. ती तरुण आहे, खुशीत आहे. मग ती म्हणते की मी काही सुंदर नाही, मला साफसफाईशिवाय काही येत नाही. तो तिला सुंदर म्हणतो, अगदी कळकळीने. आणि उत्तर द्यायला तोंड उघडते ती म्हातारी सोफी. म्हातारपणी गमावण्यासारखं फारसं उरत नाही, हाच त्यातला फायदा, असं काहीतरी म्हणून ती विषय टाळते.

आता हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेव. एकीकडे प्रेमाचं नाव घेतलं, दुसरीकडे तोंडावर स्तुती झाली, आणि दोन्हीकडे तिचं वय वाढलं. म्हणजे तुझं ‘प्रेमाने शाप सुटतो’ इथेच कोसळतं. ती तरुण होते ती स्वतःला विसरते तेव्हा: झोपेत, रागात, कुणासाठी धावताना. स्वतःकडे लक्ष गेलं की म्हातारी. चेटकिणीने तिला म्हातारं केलं खरं, पण टोप्यांच्या दुकानात मान खाली घालून बसणारी, बरोबरच्या मुलींसोबत बाहेर न जाणारी सोफी शापाआधीच म्हातारी होती. शापाने ते फक्त दिसायला लागलं. म्हणूनच शाप सुटल्याची घोषणा सिनेमात कुठेच नाही. सुरकुत्या कधीतरी परत यायच्या थांबतात, केस मात्र शेवटपर्यंत चंदेरीच राहतात.

लेखाचा निम्मा भाग याला दे. उरलेल्यात दोन-तीन गोष्टी पुरेत.

पहिली म्हणजे घरकाम. नायक-नायिका एकमेकांना आधी नटलेले दिसतात आणि दोष मागाहून कळतात, ही प्रेमकथांची नेहमीची चाल. इथे सोफी कामवाली म्हणून हाऊलच्या किल्ल्यात शिरते, जाळी-जळमटं काढते, न्हाणीघर आवरते, आणि तिथल्या बाटल्यांची अदलाबदल होते. हाऊलच्या केसांचा रंग बिघडतो. सुंदर दिसणार नसेन तर जगून काय उपयोग, म्हणत तो अंगातून हिरवट चिकट द्रव गाळत बसतो. इतका बालिश नायक क्वचित बघायला मिळतो! सोफी पावसात बाहेर जाऊन रडते, मी तर एकदाही सुंदर नव्हते म्हणून, आणि परत येऊन त्याची घाण निस्तरते. रूपाचा न्यूनगंड दोघांनाही आहे, तो फक्त उलट्या बाजूंनी बाहेर पडतो. तुझ्या मसुद्यात हा प्रसंग ‘विनोदी’ म्हणून एका ओळीत उरकला आहेस. तो वाढव.

दुसरी गोष्ट, हाऊलचं पहिलं वाक्य. गल्लीत शिपाई सोफीची वाट अडवतात, तेव्हा तो मागून येऊन म्हणतो की तुला शोधत होतो. पहिल्यांदा बघताना ती शिपायांना दिलेली थाप वाटते. शेवटाकडे सोफी किल्ल्याच्या जादूच्या दारातून त्याच्या भूतकाळात जाते, पडता तारा गिळणारा लहान हाऊल तिला दिसतो, आणि मी येईन, भविष्यात माझी वाट बघ, असं ती ओरडून सांगते. त्यानंतर सिनेमा परत लावला की ती थाप राहत नाही. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला पहिल्या दहा-बारा मिनिटांत गलबलून येतं ते यामुळे. एवढं मोठं गुपित दिग्दर्शकाने कुठेही अधोरेखित केलेलं नाही, तूही ते दोन वाक्यांत सांग.

संगीताबद्दल ‘मंत्रमुग्ध करणारं’ हा शब्द काढ. जो हिसाइशी यांची मुख्य धून तीन ठोक्यांची, वॉल्ट्झ या युरोपीय नाचाची आहे. टेबलावर बोटाने एक-दोन-तीन मोजत बघ. तीच धून वेगवेगळ्या लयीत आणि वाद्यांवर परत येते. ती कुठे येते ते कागदावर चौथा रकाना आखून त्यात लिही. दोघं छपरांवरून हवेत चालतात तो प्रसंग आधी आवाज बंद करून बघ, मग आवाजासह. फरक शब्दांत मांडता आला तरच तो परिच्छेद ठेव.

मूळ कादंबरी डायना विन जोन्स यांची, 1986ची. तिचा आधार घेताना जपून. तुझ्या मसुद्यात हाऊल वेल्सचा आहे. तो कादंबरीत तसा आहे, सिनेमात नाही. किल्ल्याचं दार चकतीच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या जागी उघडतं; ती चकती काळ्या रंगावर फिरवली की कादंबरीत वेल्स लागतं, सिनेमात युद्धाचा काळोख. हा बदल मियाझाकींचा. इराक युद्धाबद्दलचा संताप या सिनेमात उतरल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

आणि दोष लपवू नकोस. शेवटची वीसेक मिनिटं घाईची आहेत. एवढा वेळ शहरं जाळणारं युद्ध सुलिमानच्या एका निर्णयाने आटोपतं, आणि सोफीच्या मागे मागे येणारं बुजगावणं अचानक शेजारच्या देशाचा राजपुत्र निघतं. चाहते याला परीकथेची रीत म्हणतात. मला ते पटत नाही, कारण बॉम्ब पडताना दाखवले ते परीकथेसारखे दाखवलेले नाहीत. तुझं मत वेगळं असेल तर वेगळं लिही, पण त्या भागाला वळसा घालून जाऊ नकोस.

पुढचा मसुदा बाराशे शब्दांच्या आत बसव. कथासार शंभर शब्दांपुरतंच, ऑस्करच्या नामांकनाला एक ओळ, किल्ल्याच्या वर्णनाला एक परिच्छेद. रकान्यांचा कागदही सोबत पाठव, मसुद्याआधी मी तोच वाचेन.

तुझा,
स्नेहांकित